राजदूतचे इंजिन नवे केले, तरी जाम का झाले?



आपल्या आटपाडी भागात अजूनही एखाद्या घराच्या पडवीत किंवा गोठ्याच्या कडेला पोत्याखाली झाकलेली जुनी राजदूत सापडते. एके काळी हिच्यावर दुधाच्या किटल्या गेल्या, बियाण्याची पोती आली, खरसुंडीच्या यात्रेला दोघे-तिघे बसून गेले. गाडी विकायला कोणाचे मन झाले नाही. आता घरातली तरुण मुले ती बाहेर काढतात, बोअर करून नवे रिंगपिस्टन घालतात, रंग देतात आणि हौसेने रस्त्यावर आणतात. ही चांगली गोष्ट आहे. पण पुष्कळ वेळा पुढे घडते ते असे. गाडी शे-दोनशे किलोमीटर झकास चालते आणि एके दिवशी भर रस्त्यात आवाज बदलतो, ताकद जाते, मागचे चाक घासते आणि इंजिन जागच्या जागी बसते. मग मेस्त्री म्हणतो, पिस्टन हलके लागले. दुकानदार म्हणतो, ऑईल कमी घातले. मुलगा म्हणतो, बोअरिंगवाल्याने काम बिघडवले. आणि पुन्हा बोअर करून दुसरे पिस्टन घातले जाते. दोन महिन्यांनी तोच प्रकार.

या लेखात आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. जाम झालेला पिस्टन हा गुन्हेगार नव्हे, तो साक्षीदार आहे. त्याची साक्ष न घेता त्याला भंगारात टाकणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे. मूळ कारण सापडल्याशिवाय नवे पिस्टन घालू नये.

यात पैशाचा प्रश्न तर आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न सिलिंडरचा आहे. प्रत्येक बोअरला सिलिंडरचे लोखंड कातले जाते. ओव्हरसाईज पिस्टन साधारणपणे पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मिळतात. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मि.मी. म्हणजे सिलिंडरच्या आयुष्यात मोजून चार संधी. त्यानंतर स्लीव्ह घालणे आले. जुन्या गाडीच्या दोन-तीन संधी आधीच्या चाळीस वर्षांत संपलेल्या असतात. उरलेली एक संधी अंदाजावर घालवणे परवडणारे नाही.

गाडीची थोडी ओळख

राजदूत ही एस्कॉर्ट्स कंपनीची गाडी. पोलंडमधल्या एसएचएल एम-११ या मोटारसायकलीच्या आराखड्यावरून ती १९६२ पासून भारतात तयार होऊ लागली. इंजिन १७३ सीसीचे, टू-स्ट्रोक, हवेने थंड होणारे, गिअर तीन. वेग फार नाही, पण ओझे ओढण्यात पटाईत. म्हणूनच ती गवळ्याची आणि शेतकऱ्याची गाडी झाली. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटातली लहान चाकांची राजदूत जीटीएस १७५ ही तिचीच धाकटी बहीण. पुढे २००० सालचे धुराचे नियम आले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली मागे पडत गेल्या. आज नवी राजदूत मिळत नाही, त्यामुळे आहे ती नीट सांभाळणे एवढेच आपल्या हाती आहे. पुढे जे सांगितले आहे ते येझदी, आरएक्स-१०० आणि लुना यांनाही थोड्याफार फरकाने लागू पडते, कारण ही सर्व टू-स्ट्रोक घराण्यातली आहेत.

आपल्या भागाला यंत्र नवे नाही. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. याच संस्थानाच्या राजांनी दिलेल्या जागेवर १९१० साली कुंडलजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर घडू लागले. विहिरीवरचे ऑईल इंजिन स्वतः खोलून बांधणारे शेतकरी आपल्यात कमी नाहीत. पण राजदूत खोलताना तेच ज्ञान थोडे दगा देते, ते कसे ते पाहू.

विहिरीवरचे इंजिन आणि राजदूतचे इंजिन

विहिरीवरच्या इंजिनाला तळाशी ऑईलचा साठा असतो. क्रँक त्यात बुडते, ऑईल उडते, पिस्टनला मिळते. ऑईल किती आहे ते पट्टी बुडवून कळते. राजदूतच्या क्रँकखाली असा साठा नाही. गिअरबॉक्समध्ये ऑईल आहे, पण ते गिअरपुरते. पिस्टनला आणि क्रँकच्या बेअरिंगला मिळते ते फक्त पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑईल.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस ही नुसती पेटी नसून तो एक पंप आहे. पिस्टन वर गेला की खालची पेटी कार्बोरेटरमधून हवा आणि पेट्रोल ओढते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबून सिलिंडरमध्ये वर पाठवते. या पंपाला कोठेही भोक असून चालत नाही. क्रँकच्या दोन टोकांना असलेली दोन ऑईल सील, पेटीच्या दोन भागांमधले पॅकिंग, सिलिंडरखालचे पॅकिंग, कार्बोरेटरचा जोड, यांपैकी एक जरी फुटले तरी तेथून नुसती हवा आत येते. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. पेट्रोल कमी म्हणजे त्याबरोबर येणारे ऑईलही कमी. आणि असे विरळ मिश्रण इंजिनाला अधिक तापवते. उष्णता वाढली, वंगण घटले, पिस्टन फुगला आणि सिलिंडरला चिकटला. ऑईल सील फाटले तर विहिरीवरचे इंजिन फार तर ऑईल गळेल. राजदूत जाम होईल. हा फरक ध्यानात ठेवला की पुढचे सगळे सोपे आहे.

बंद पडली म्हणजे जाम झालीच असे नव्हे

गाडी रस्त्यात बंद पडली की आधी तिला निवू द्यावे. पंधरा-वीस मिनिटे थांबून किक हाताने हळूच दाबून पाहावी. तीन शक्यता असतात.

किक अजिबात जात नसेल तर जोर करू नये, ढकलून गिअरमध्ये टाकू नये. मॅग्नेटोचे झाकण काढून फ्लायव्हील हाताने दोन्हीकडे फिरवून पाहावे. फ्लायव्हील हलते पण किक अडते, तर दोष किकच्या किंवा क्लचच्या बाजूला आहे. फ्लायव्हीलही हलत नाही, तर पिस्टन किंवा क्रँकचे बेअरिंग.

किक जाते पण हलकी लागते, दाब नाही, तर पिस्टनने एकदा धरून निवल्यावर सोडले असण्याचा संभव आहे. अशी गाडी पुन्हा चालू होते आणि माणूस फसतो. "निवली की चालते" म्हणत तो आणखी आठ दिवस रेटतो आणि खरवडलेली रिंग सगळे सिलिंडर घेऊन जाते. अशा वेळी निदान सायलेन्सर काढून, बॅटरीच्या उजेडात पोर्टमधून पिस्टनची बाजू पाहावी. उभे ओरखडे दिसले तर हेड काढावेच लागेल.

किक नेहमीसारखी भरीव लागते, दाब चांगला आहे, तर इंजिन उघडण्याची घाई करू नये. दोष बहुधा ठिणगीत किंवा पेट्रोलमध्ये आहे. प्लग काढून टोपीसह हेडवर टेकवून किक मारावी. ठिणगी निळी व टक् आवाजाची हवी. पिवळी, बारीक असेल तर पॉईंट, कंडेन्सर, कॉईल या क्रमाने पाहावे. गाडी थंड असताना चालते आणि गरम झाल्यावर ठिणगी जाते, तर बहुतेक वेळा कंडेन्सर किंवा कॉईल दोषी निघते. ही तपासणी प्लगच्या भोकाजवळ पेट्रोल सांडलेले असताना करू नये, भडका उडतो. ठिणगी ठीक असेल तर कार्बोरेटरची नळी काढून कॉक उघडावा. धार सलग पडली पाहिजे. सुरुवातीला पडते आणि मग थेंब थेंब होते, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकण उघडताच धार सुरू झाली तर झाकणाचे हवेचे बारीक भोक बुजलेले आहे. टाकीला रंग देताना हे भोक रंगाने बुजण्याचा प्रकार फार होतो. पाच पैशांच्या टाचणीचे काम, आणि त्यासाठी लोक इंजिन उघडतात.

पिस्टनची साक्ष कशी वाचावी

आता हेड आणि सिलिंडर काढले असे समजू. पिस्टन काढल्यावर तो धुऊ नका, घासू नका. आधी उन्हात धरून नीट पाहा. ओरखडे कोठे आहेत यावर सगळे अवलंबून आहे.

एक. ओरखडे चारही कोपऱ्यांना, जवळजवळ सारख्या अंतरावर असतील, तर पिस्टन सिलिंडरच्या मानाने लवकर फुगला. बोअर घट्ट ठेवला गेला, किंवा थंड गाडी सुरू होताच जोरात पळवली. लोखंडी सिलिंडरात या मापाच्या पिस्टनला साधारण अडीच ते तीन थाऊ, म्हणजे केसाच्या जाडीएवढी सैल जागा लागते. पिस्टनच्या खोक्यावर किंवा पुस्तिकेत वेगळे माप दिले असेल तर ते धरावे.

दोन. ओरखडे फक्त पुढच्या, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूला असतील, तर इंजिन जास्त तापले. ही बाजू मुळातच सर्वांत गरम. मिश्रण विरळ असणे, हवा गळणे, टायमिंग चुकणे, सायलेन्सर कार्बनने चोंदणे, यांपैकी काहीतरी आहे. बोअरिंगवाल्याला दोष देण्याचे येथे कारण नाही.

तीन. ओरखडे मागच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या बाजूला असतील, तर ऑईल कमी पडले किंवा धूळ आत गेली. पिस्टनची ही बाजू फिकट, मळकट, बारीक घासलेली दिसली तर धूळच. आपल्या कच्च्या रस्त्यांवर, त्यात ऊस वाहतुकीच्या दिवसांत ट्रॉल्यांमागून जाताना, एअर फिल्टरशिवाय गाडी चालवणे म्हणजे सिलिंडरात वाळूचा कागद फिरवणे आहे.

चार. पिस्टनच्या डोक्याला भोक पडले, डोक्याची कड कुरतडल्यासारखी झाली किंवा वितळली, तर टायमिंग फार पुढे गेले आहे, प्लग चुकीच्या जातीचा आहे, किंवा मिश्रण फारच विरळ आहे. येथे नुसते पिस्टन बदलून गाडी चालवणे म्हणजे दुसरे भोक पाडून घेणे.

पाच. एकच खोल चर पिस्टन पिनच्या रेषेत असेल, तर पिनचे लॉक निसटले. लॉक नेहमी नवे घालावे, जुने दाबून पुन्हा वापरू नये. आणि रिंगचा तुकडा पडला असेल, तर रिंगचे टोक पोर्टमध्ये अडकले. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे होता का, रिंगची टोके खोबणीतल्या खुंटीवर बसली होती का, आणि बोअर केल्यावर पोर्टच्या धारदार कडा मारल्या होत्या का, हे पाहावे. बोअरनंतर प्रत्येक पोर्टची कड सुरीसारखी होते. ती तेलाच्या दगडाने हलकी गोल करावी लागते. हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे, पण बोअरिंगवाला समजतो मेस्त्री करील, आणि मेस्त्री समजतो झालेच असेल.

लपलेला चोर : ऑईल सील

चाळीस वर्षे उभ्या असलेल्या गाडीत पिस्टन बदलले जाते, रिंग बदलली जाते, पण क्रँकची सील तशीच राहतात, कारण त्यांच्यापर्यंत जायला काम वाढते. रबर मात्र तोवर वाळून कडक झालेले असते. नव्या पिस्टनमुळे दाब वाढतो आणि जुने सील तो दाब सोसत नाही.

कोणते सील गेले हे लक्षणांवरून ओळखता येते. क्लचच्या बाजूचे गेले तर इंजिन तिकडचे ऑईल ओढते. धूर पांढरा आणि दाट, प्लग ओला काळा, आणि त्या बाजूचे ऑईल आठवड्या-आठवड्याला घटते. मॅग्नेटोच्या बाजूचे गेले तर ते नुसती हवा ओढते. धूर कमी होतो आणि मालकाला वाटते, गाडी किती छान चालली आहे. खरी खूण अशी की एक्सलेटर सोडला तरी इंजिनाचा वेग लगेच उतरत नाही, वरच लोंबकळतो, आणि प्लग पांढराफटक पडतो. प्लगचा रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तपकिरी असावा. पांढरा म्हणजे सावधान, ओला काळा म्हणजे ऑईल वा पेट्रोल जास्त.

पक्की खात्री करायची तर दाबाची चाचणी घ्यावी. याला मोठे यंत्र लागत नाही. सायलेन्सरचे तोंड आणि कार्बोरेटरचे तोंड जुन्या ट्यूबचे रबर आणि पत्र्याची चकती लावून बंद करावे. पिस्टन तळाशी आणावा म्हणजे क्रँककेस आणि सिलिंडर एकमेकांना जोडलेले राहतात. एका निकामी प्लगची चिनी माती काढून त्यात सायकलचा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. दाब मोजायला डॉक्टरांच्या जुन्या बीपी यंत्राचे घड्याळ उत्तम, कारण टायरच्या गेजवर एवढा कमी दाब नीट दिसत नाही. सायकलच्या पंपाने काटा २५० पर्यंत न्यावा, म्हणजे सुमारे पाच पौंड. त्याहून जास्त भरू नये, चांगली सीलही उलटतात. मग पाहावे. मिनिटाला एक पौंडापेक्षा, म्हणजे घड्याळावरच्या ५० आकड्यांपेक्षा जास्त दाब उतरला, तर गळती आहे. साबणाचे पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावावे. बुडबुडे सांगतील चोर कोठे आहे. मॅग्नेटोचे फ्लायव्हील काढून तेथे पाणी लावायला विसरू नये, नेमके तेच सील त्याच्या मागे असते. क्लचच्या बाजूचे सील असे दिसत नाही. बाहेर सगळीकडे कोरडे असून दाब उतरत असेल, तर संशय त्याच्यावर.

आमच्या मते इंजिन बांधून झाल्यावर, ते गाडीवर चढवण्यापूर्वीच ही चाचणी घ्यावी. अर्ध्या तासाचे काम आहे. दोन सीलांची किंमत आणि एका बोअर-पिस्टनची किंमत यांचा हिशेब प्रत्येकाने आपापला मांडावा.

टायमिंगचे काम

इंजिन बांधताना मॅग्नेटो काढला जातो, म्हणून टायमिंग पुन्हा मिळवावे लागते. पॉईंटची फट आधी लावावी. जुन्या मॅग्नेटोंना ती बहुधा ०.४ मि.मी.च्या आसपास असते. फट बदलली की टायमिंगही बदलते, म्हणून क्रम उलटा करू नये. पिस्टन वर पोहोचण्याआधी किती मिलिमीटरवर पॉईंट उघडावा हे पुस्तिकेत दिलेले असते. पॉईंटमध्ये विडीच्या बंडलाचा पातळ कागद धरून फ्लायव्हील हळू फिरवावे. कागद ज्या क्षणी सुटतो, त्या क्षणी पॉईंट उघडला. प्लगच्या भोकातून मापपट्टीने पिस्टनची खोली मोजावी. "कानाने टायमिंग लावतो" म्हणणारे मेस्त्री हुशार असतीलही, पण नव्या पिस्टनवर हा प्रयोग नको. आणखी एक. फ्लायव्हीलचा नट सैल राहिला तर आतली छोटी चावी कातरते आणि फ्लायव्हील सरकते. काल बरोबर असलेले टायमिंग आज चुकते. गाडी अचानक उलटी किक मारू लागली तर आधी ही चावी पाहावी.

पेट्रोल, ऑईल आणि आपला ऊस

ऑईलचे प्रमाण जुन्या पुस्तिकांत २० भाग पेट्रोलला १ भाग ऑईल असे असे, म्हणजे लिटरला ५० मि.ली. आजचे टूटी ऑईल त्या वेळच्या साध्या ऑईलपेक्षा चांगले आहे, त्यामुळे रुळलेल्या गाडीला लिटरला ३० ते ४० मि.ली. चालते. नवे पिस्टन रुळेपर्यंत मात्र जुने प्रमाण ठेवावे. बुचाने अंदाजे ओतू नये, औषधाची मापाची बाटली वापरावी. आणि भीतीपोटी दुप्पट ऑईलही घालू नये. जेटमधून ठरावीकच द्रव जातो. त्यात ऑईल वाढले की पेट्रोल तेवढे कमी जाते, मिश्रण विरळ होते, आणि ज्या भीतीने ऑईल वाढवले तेच होऊन बसते.

आता आपल्याला जवळची गोष्ट. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आज आपल्या उसाचा भाग आहे. मळीपासून आणि रसापासून बनणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचा कार्यक्रम देशात २००३ साली पाच टक्क्यांनी सुरू झाला. जून २०२२ मध्ये देशाने सरासरी दहा टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. ऊस उत्पादकाच्या दृष्टीने ही हिताची गोष्ट आहे. पण राजदूतचा कार्बोरेटर ज्या काळी जुळवला, त्या काळी पंपावर निखळ पेट्रोल होते, हेही सांगितले पाहिजे. हित आपले आहे म्हणून यंत्राचा नियम बदलत नाही.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलोच. म्हणजे वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला हवा कमी लागते. जुन्या जेटमधून तेवढाच द्रव जाणार आणि हवाही तेवढीच येणार, म्हणून मिश्रण साधारण सात-आठ टक्के विरळ पडते. आधीच काठावर असलेल्या इंजिनाला तेवढे पुरते. उपाय अवघड नाही. मेन जेट एक नंबर मोठा घालावा, किंवा कार्बोरेटरच्या सुईचे लॉक एक खाच खाली बसवावे म्हणजे सुई वर येते. मग गाडी दोन-तीन किलोमीटर चढाला चालवून, चालत्या वेगातच इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबावे आणि प्लगचा रंग पाहावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल पाणी ओढते. टाकीत पाणी शिरले आणि ते फार झाले, की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते. कॉक तळाशीच असतो. या तळच्या थरात टूटी ऑईल फारसे मिसळत नाही, म्हणजे काही वेळ इंजिनाला ऑईलच मिळत नाही. महिनोन् महिने उभ्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यानंतर, हा धोका आहे. म्हणून गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे. टाकीतल्या पेट्रोलचा नमुना काचेच्या बाटलीत घेऊन पाहावा. दोन थर दिसले तर ते पेट्रोल वापरू नये. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती हेही घरी कळते. मापाच्या उभ्या बाटलीत १०० मि.ली. निव्वळ पेट्रोल, ऑईल न मिसळलेले, आणि १० मि.ली. पाणी घालून हलवावे व स्थिर होऊ द्यावे. खालचा थर १० चा सुमारे ३० झाला, तर वीस टक्के इथेनॉल आहे. ही चाचणी विस्तवापासून दूर, उघड्यावर करावी.

तिसरी गोष्ट रबराची. जुनी पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर, टाकीचा जुना गंज यांवर इथेनॉलचा परिणाम होतो. नळी फुगते वा चिरते, गंज सुटून जेटमध्ये अडकतो. इंजिन बांधताना नळी आणि वॉशर नवे, टाकी आतून साफ, आणि कॉकखाली बारीक फिल्टर, एवढे करावेच.

पुन्हा बांधताना आणि पुढे चालवताना

कारण सापडले, दुरुस्त झाले, मगच सिलिंडर बोअरला द्यावा. पिस्टन आधी विकत घ्यावे आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्यावा, नुसता नंबर सांगून नव्हे. रिंग सिलिंडरात सरळ बसवून तिच्या तोंडाची फट फीलर गेजने पाहावी, आठ ते बारा थाऊ असावी. होनिंगनंतर सिलिंडर पेट्रोलने पुसून भागत नाही, दगडाची बारीक पूड खाचांत तशीच राहते. गरम पाणी आणि साबण लावून ब्रशने धुवावा. स्वच्छ पांढरे फडके आतून फिरवले तर पांढरेच बाहेर आले पाहिजे. लगेच ऑईलचा हात फिरवावा, नाही तर तासाभरात तांबेरा चढतो. सायलेन्सर आतून जाळून वा खरवडून कार्बन काढावा.

गाडी सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी तीन-चार मिनिटे चालवून पूर्ण निवू द्यावी, असे तीन वेळा करावे. मग थंड असताना हेडचे नट तिरपे-समोरासमोर या क्रमाने पुन्हा आवळावे. पहिले ५०० किलोमीटर चाळीसच्या वर वेग नको, डबलसीट नको, किटल्या नकोत. चढाला इंजिन धापा टाकेपर्यंत वरच्या गिअरमध्ये ठेवू नये, गिअर उतरवावा. आणि उतारावर विशेष सांभाळावे. भिवघाटासारख्या उतारावर एक्सलेटर पूर्ण बंद करून गिअरमध्ये गाडी सोडली, तर चाक इंजिन फिरवते, पण पेट्रोल येत नाही म्हणून ऑईलही येत नाही. मधूनमधून क्लच दाबून एक्सलेटर थोडा द्यावा.

सर्वांत महत्त्वाचे जिवाचे. चालत्या गाडीत पिस्टन धरला की मागचे चाक अडते आणि गाडी फरपटते. मागे लहान मूल बसलेले असेल किंवा समोरून उसाची ट्रॉली येत असेल, तर काय होईल ते सांगायला नको. नव्या इंजिनावर दोन बोटे सदैव क्लचवर ठेवावीत. इंजिनाचा आवाज कोंदटला, ताकद अचानक उतरली, की विचार न करता क्लच दाबून गाडी कडेला घ्यावी. ही सवय घरात जो जो ती गाडी चालवतो, त्या प्रत्येकाला लावावी.

शेवटी सभासदांना विनंती. मेस्त्रीकडे गाडी दिल्यावर जुने पिस्टन, जुनी सील आणि प्लग परत मागून घ्या, एका डब्यात तारखेसह ठेवा. "काय बदलले" एवढेच न विचारता "कशामुळे गेले" हे विचारा. बोअरचे माप, पिस्टनचे माप, जेटचा नंबर आणि टायमिंग एका वहीत लिहून ठेवा. आपण जनावराच्या लसीची आणि उसाच्या लावणीची तारीख लिहितो, मग वडिलांच्या गाडीची का लिहू नये? चांगला मेस्त्री या प्रश्नांनी रागावणार नाही. उलट त्यालाही काम सोपे होईल आणि सिलिंडरमधली शेवटची संधी वाया जाणार नाही.